झिजायचे कोणी?

जुन्या ठासणीच्या रायफलीचे तोंड उजेडात धरून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. नळीच्या आतून वळसे घेत आलेले पेचदार चर आतमध्ये चांगले धारदार असतात, पण तोंडाशी शेवटच्या बोटभर जागेत त्यांच्या कडा बोथट झालेल्या दिसतात. बहुतेक वेळा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. ही झीज गोळीने केलेली नसते. शिसे मऊ, त्यातून गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत बसवलेली. तिने लोखंडाला इतके खरवडावे असे काही कारण नाही. झीज केलेली असते गजाने. दारूवर गोळी ठासायला तो तोंडातून आत गेला, आणि त्याहून कितीतरी अधिक वेळा नळी पुसायला आत-बाहेर फिरला. म्हणजे बंदुकीची निगा जिथून राखली जात होती, तिथेच ती निगेने झिजत गेली. आणि हे तोंड म्हणजे नळीचा सर्वांत नाजूक भाग. नळी सोडताना गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो. कड एकीकडे खाल्लेली असेल, तर मागून सुटणारा वायू गोळीला एका बाजूने आधी ढकलतो आणि गोळी नेमापासून ढळते. ठासणीच्या बंदुकीचे मागचे टोक बंद असल्यामुळे साफसफाईला दुसरे दारच नाही. म्हणून या बंदुकीच्या बाबतीत एक प्रश्न टाळता येत नाही: दोन वस्तू एकमेकींवर घासणारच असतील, तर त्यांतल्या कोणत्या वस्तूने झिजायचे? लाकडाचा गज हे या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि माझ्या मते ते पुरते विचार केलेले उत्तर आहे. सुरुवातीला लाकूड स्वस्त आणि हलके म्हणून आले असेल. पण लोखंडी गज सहज मिळू लागल्यावरही ज्यांचे पोट नेमावर अवलंबून होते, त्यांनी लाकूड सोडले नाही.

या निर्णयाचे मोल कळण्यासाठी आधी नळीत काय साचते ते पाहायला हवे. काळी दारू म्हणजे साधारण 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ही दारू पेटली की सगळीच धूर होऊन उडून जाते, असा आपला समज असतो. तसे होत नाही. 1870 च्या दशकात अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी बंद भांड्यात दारू जाळून जे मोजमाप केले, त्यात दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो असे दिसले. त्यातला काही धुरासोबत बाहेर पडतो, बाकीचा नळीला चिकटतो. त्यात पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. सल्फाइडमुळेच बार उडाल्यावर आणि नळी धुताना कुजक्या अंड्याचा वास येतो. कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून घेते. म्हणून कोरड्या हवेत ही काजळी कडक पापुद्र्यासारखी बसते, तर दमट हवेत काही तासांत चिकट आणि ओली होते, आणि तिच्याखालचे लोखंड गंजू लागते. ती नुसती राहू दिली तर पाच-दहा बारांनंतर पुढची गोळी उतरतच नाही. साध्या गुळगुळीत नळीच्या फौजी बंदुकीत गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवत, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. रायफलीत तशी सूट देता येत नव्हती, कारण गोळी चरांना घट्ट धरूनच फिरायला हवी. 1849 च्या सुमारास फ्रान्समध्ये मिनीएने सैल जाणारी आणि बार होताच फुगून चरांना धरणारी गोळी काढली, तीही याच अडचणीतून. आपल्याकडे 1857 साली ज्या एन्फिल्ड काडतुसांवरून वणवा पेटला, त्यांना चरबी फासली होती ती गोळी सरकावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. एवढ्या मोठ्या घटनांच्या मुळाशी नळीतला हा काळा थर आहे, आणि त्याच्याबद्दल लिहिले मात्र फार थोडे जाते.

हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. सगळी जुनी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. ज्यांनी ती बसवली, त्यांच्याजवळ रसायनशास्त्राची सूत्रे नव्हती. त्यांनी पाहिले, की तेलाने पुसलेली नळी आठवड्याभरात आतून लाल होते आणि पाण्याने धुतलेली होत नाही. पद्धत अशी. नळी दस्त्यापासून सुटी होत असेल, तर तिचे बंद टोक पाण्याच्या बादलीत बुडवायचे. गजाच्या टोकाला दुहेरी वळणाचा छोटा लोखंडी आकडा असतो. त्याच्यावर जवसाच्या काडीचे पिंजलेले आखूड तंतू गुंडाळून घट्ट बोळा करायचा. बोळा आत खाली नेऊन वर ओढला की बत्तीच्या छिद्रातून, म्हणजे कानातून, पाणी नळीत चढते. खाली दाबला की काळे होऊन त्याच वाटेने बाहेर पडते. नळीच पिचकारी होते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे चालायचे. ज्या लांब रायफलींची नळी खिळ्यांनी दस्त्यात बसवलेली असे, त्यांच्यात दरवेळी नळी काढणे म्हणजे लाकडाचे हाल. तिथे कान पिसाच्या काडीने बंद करून तोंडातून पाणी ओतायचे, हलवायचे आणि बंदूक उलटी करून काढून टाकायचे. पाणी चाप-घोड्याच्या यंत्रात आणि दस्त्याच्या फटीत शिरणार नाही एवढे जपायचे. शेवटचे पाणी कढत, म्हणजे लोखंड तापून आतून आपोआप वाळते. मग कोरड्या तंतूंचे बोळे, एकामागून एक, बोळा आत गेला तसाच पांढरा बाहेर येईपर्यंत. कानात सुई फिरवायची. आणि सगळ्यात शेवटी चरबीचा पातळ हात. जवसाच्या तंतूंची निवडही वाऱ्यावरची नव्हती. ते पाणी धरतात, वळणाच्या आकड्यात घट्ट अडकतात, कापडासारखे निसटून नळीच्या बुडाशी राहत नाहीत आणि चरांच्या तळापर्यंत पोचतात. वापरलेला बोळा धुऊन वाळवला की चकमकीची ठिणगी धरायलाही कामी येई.

या सगळ्यात गज बोळ्याचा नुसता दांडा वाटतो, पण कौशल्य त्याच्यातच होते. उत्तर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाच्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात जी लांब नळीची रायफल घडवली, तिचा गज हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाचा. कुऱ्हाडीचे दांडेही तिकडे याच लाकडाचे होतात, कारण ते वाकते, झटका सोसते आणि लगेच तडकत नाही. पण झाड चांगले असून भागत नाही. लाकूड करवतीने कापले, तर पाते रेषांची पर्वा न करता सरळ जाते आणि कुठेतरी रेषा तिरकी होऊन गजाच्या अंगावर बाहेर येते. त्या जागी गज मोडतो, आणि मोडतो तो आडवा नाही, तिरका. हातात भाल्याच्या टोकासारखा तुकडा राहतो आणि खाली दाबणारा तळहात त्याच्यावर जातो. म्हणून जुने कारागीर ओंडका पाचर मारून चिरत. चिरा आपल्या रेषेनेच जातो, आणि त्या चिरफळीला रंध्याने आणि काचेच्या तुकड्याने तासून गोल केले की टोकापासून टोकापर्यंत एकच अखंड रेषा मिळते. वापरायची रीतही ठरलेली: गज तोंडाजवळ आखूड धरायचा, वीतभर दाबायचा, पुन्हा आखूड धरायचा. वरच्या टोकाला धरून एका दमात रेटायचा नाही. रॉकी पर्वतात बीव्हरच्या कातड्यांसाठी हिंडणारे शिकारी बंदुकीखालच्या गजाशिवाय पुसायची आणखी एक लांब हिकरीची काठी जवळ बाळगत. 1803 साली मेरिवेदर लुइसने पश्चिमेच्या प्रवासासाठी सामानाची जी यादी केली, तिच्यात रायफली, दारूची शिंगे आणि साच्यांबरोबर नळी पुसायचे वळणाचे आकडे आणि अडकलेली गोळी काढायचे मळसूत्र यांचीही नोंद आहे. अनोळखी प्रदेशात जाणाऱ्या माणसाने आकड्यांचा हिशेब दारूगोळ्याच्या पंगतीला बसवावा, यात त्या साध्या वस्तूचे खरे स्थान दिसते.

आता पहिला आणि भक्कम आक्षेप. लाकूड इतके चांगले होते, तर सैन्यांनी ते टाकले का? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात आनहाल्ट-डेसाऊच्या लिओपोल्डने पायदळाला लोखंडी गज दिला, आणि 1741 साली मॉलविट्झच्या लढाईत प्रशियन पायदळाच्या झपाट्याच्या गोळीबाराचे श्रेय पुष्कळ जण या गजाला देतात. ब्रिटिश फौजेतही त्याच शतकात लाकडाची जागा हळूहळू पोलादाने घेतली. पुढे फौजी रायफलींनाही पोलादी गज आले. हे सगळे खरे आहे. पण सैन्याने उत्तर शोधले ते दुसऱ्याच प्रश्नाचे. घाबरलेला, घाईतला शिपाई मिनिटाला तीन बार भरतो, तेव्हा गज मोडला तर त्याच्या हातातली बंदूक पुढच्या क्षणापासून निव्वळ संगिनीचा दांडा ठरते. मोडणार नाही तो गज चांगला, इतके साधे माप. गुळगुळीत नळीतून सैल गोळी रांगेच्या दिशेने झाडायची असल्यावर तोंडाच्या कडेची झीज कोण पाहतो? शिवाय बंदूक सरकारची. झिजली तर कोठारातून दुसरी. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाजवळ मात्र एकच रायफल असे आणि ती मुलाला द्यायची असे. चर झिजले तर तो ती तालुक्याच्या बाजारात बंदूक घडवणाऱ्याकडे नेई. तो कारागीर लाकडी दांड्यात बसवलेले बारीक पाते आतून फिरवून चर पुन्हा खोल करी, आणि नळी किंचित मोठी झाल्यामुळे गोळीचा नवा साचा करून देई. लोखंडातले चर कोरणारे पाते लाकडाच्या दांड्यावर चालत असे, याचे मला फार अप्रूप वाटते. आणि सैन्याबद्दल बोलायचे तर तोफखान्याने लाकूड शेवटपर्यंत सोडले नाही. ठासणीच्या तोफेचा ठासा आणि मेंढीच्या कातड्याचा ओला बोळा, दोन्ही लाकडी दांड्यांवरच राहिले. दांडा हलका असावा लागतो, आणि जिथे आधीच्या बाराची धुगधुगी शिल्लक असू शकते तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये, हे तोफखान्याला माहीत होते.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. लाकूड मऊ म्हणूनच धोकादायक, असे काही जाणकार सांगतात. मऊ अंगात वाळूचे, धुळीचे, कडक काजळीचे कण रुततात आणि मग तो गज गज राहत नाही, कानस होते. गुळगुळीत पोलादावर कण टिकत नाहीत. याला पुरावाही आहे, आणि तो लाकडापेक्षा मऊ असलेल्या दोरीचा आहे. मागून भरायच्या रायफली आल्यावर ब्रिटिश फौजेने मागच्या बाजूने दोरी घालून तोंडातून ओढून काढायची पद्धत घेतली. कड वाचवण्याचा हेतू त्यातही होताच. तरी दोरी तिरकी ओढली गेली आणि ती धुळीने भरलेली असली, तर तिनेही पोलादी तोंडाला खाच पाडली. तेव्हा मऊपणा एकट्याने पुरत नाही, हे मान्य करायला हवे. पण या आक्षेपातून लाकूड टाकावे असे निघत नाही. निघते ते इतकेच, की पुसणारी वस्तूही पुसली गेली पाहिजे. जुन्या रीतीत प्रत्येक फेऱ्यानंतर गज चिंधीने पुसायचा आणि मग परत आत घालायचा, हा भाग होताच. पोलादी गजाला हे लागत नाही असे म्हणावे, तर पोलादावरही तेलात चिकटलेले कण बसतात, आणि गज जरासा वाकला की तो सबंध अंगाने कडेवर घासतो. फरक चुकीनंतरचा आहे. लाकडाच्या गजावर ओरखडा आधी दिसतो, खडबडीतपणा हाताला लागतो, आणि गज तासून किंवा बदलून चूक सुधारता येते. पोलादी गज आपल्या अंगावर काही दाखवत नाही. कळते तेव्हा कड गेलेली असते. म्हणून झीज कुठे होऊ द्यायची, याबरोबरच ती कुठे दिसू द्यायची हेही गजाच्या निवडीत ठरते.

तिसरी गोष्ट पाण्याची. लोखंडात पाणी घालायचे, या कल्पनेनेच अनेकांना कसेसे होते. आजच्या छंदी नेमबाजांत एक मत असे आहे, की नळीला नैसर्गिक चरबी मुरवत राहिले तर ती बिडाच्या तव्यासारखी तयार होते आणि मग पाण्याची गरजच नाही. तव्यात तेल जळून लोखंडाला धरून बसते, हे खरे. पण तव्यावर कोणी दर थरावर क्षारांचा थर चढवत नाही. नळीत चरबीखाली क्षार अडकले, तर चरबी त्यांच्यावर झाकण घालते. त्यांना काढत नाही. परंपरेच्या नावाने जे जे सांगितले जाते ते सगळे जुने असतेच असे नाही, आणि जुने असले तरी तपासल्यावाचून घेऊ नये, याचे हे चांगले उदाहरण आहे. कढत पाण्यावरचा आक्षेप मात्र बरोबर आहे. फार तापलेल्या, उघड्या लोखंडावर पाणी वाळताना गंजाची पातळ तांबूस झाक येते. म्हणून कित्येक अनुभवी लोक कोमट पाणीच वापरतात आणि वाळवायचे काम कोरड्या बोळ्यांवर सोपवतात. मला तेही पटते, कारण क्षार विरघळायला उकळीची गरज नाही. तरीही पाण्याची बाजू किती पक्की आहे ते बिनधुराच्या दारूच्या काळातही दिसते. काळी दारू गेली, पण काडतुसाच्या टोपीतला पोटॅशियम क्लोरेट राहिला, आणि तो जळून जे क्लोराइड उरते ते मिठाचेच भावंड. लोखंड त्याच्याने गंजते. म्हणून विसाव्या शतकातला ली-एन्फिल्ड रायफल घेतलेला शिपाईही गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत होता.

ओलाव्याशी झगडा आपल्याला काही परका नाही. 1715 च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांबद्दल ज्या सूचना आहेत, त्यांत पावसाळ्यात तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने बंद करावेत, वर आच्छादने घालावीत, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन द्यावे असे सांगितले आहे. राज्य कसे चालवावे हे सांगणाऱ्या लेखात तोफेच्या कानातल्या मेणाला जागा मिळते, ही मला मोठी गोष्ट वाटते. सह्याद्रीवरचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हा तपशील क्षुल्लक वाटणार नाही. कोकणात रानडुकरांपासून आणि वानरांपासून पीक राखण्यासाठी शेतकऱ्यांना ठासणीच्या बंदुकीचे परवाने मिळत आले आहेत. आणि भात, डुकरे, दमट हवा ही तिन्ही एकाच मोसमात येतात. अशा हवेत एक बार उडवून बंदूक रात्रभर तशीच कोपऱ्यात ठेवली, तर सकाळी नळीत काय झाले असेल, हे पेन्सिल्व्हेनियातल्या शिकाऱ्यापेक्षा देवगड-राजापूरच्या शेतकऱ्याला जास्त चांगले उमगेल.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे लक्ष, ही सगळी निगुती, शेवटी एका जीव घेणाऱ्या वस्तूसाठी. हा आक्षेप मी बाजूला सारू शकत नाही. बंदुकीची निगा चांगली ठेवली म्हणून तिने जे केले ते चांगले ठरत नाही. त्याच लांब रायफलींनी अमेरिकेत मूळच्या रहिवाशांची भूमी ओढून घेण्यात हातभार लावला. पण निगा सोडून दिल्याने ती निरुपद्रवी होत नाही, उलट होते. न पुसलेल्या नळीत धुमसता तंतू राहिला तर पुढची दारू ओतताना हातावर पेटते. काजळीने गोळी मध्येच अडकली आणि तिच्यामागे पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. कान बुजला तर रंजक, म्हणजे कानाबाहेरची पेटवणीची दारू, जळते आणि आतला बार तसाच राहतो, आणि ज्याला वाटते की बंदूक रिकामी झाली तो ती घरात नेऊन टेकवतो. यापासून सावध राहण्याचा जुना उपाय पुन्हा गजच. नळी रिकामी असताना गज बुडापर्यंत सोडून तोंडाशी त्याच्यावर एक खूण करायची, आणि भरलेली असताना जिथे येतो तिथे दुसरी. मग कधीही गज आत सोडला की बंदूक भरलेली आहे का हे डोळ्यांना दिसते. लाकडावर ही खूण चाकूच्या टोकाने होते.

संग्रहालयांत आणि जुन्या वाड्यांत असलेल्या बंदुकांबाबत हीच खूण आज नव्याने महत्त्वाची ठरते. शेदीडशे वर्षे भिंतीवर राहिलेल्या ठासणीच्या बंदुकीत कधीकधी बार तसाच भरलेला सापडतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या काळानंतरही पेटू शकते. त्यांचे मूळ गज पुष्कळदा हरवलेले असतात, किंवा नंतर कोणीतरी घातलेले. तेव्हा आधी मऊ, ठिणगी न पाडणाऱ्या काठीने खोली मोजायची आणि ती बाहेरून मापलेल्या लांबीशी ताडून पाहायची, इथपर्यंत मतभेद नाही. मतभेद पुढे आहे. नळी रिकामी निघाली आणि आत जुनी काजळी असली, तर ती पाण्याने धुवावी का? धुतली नाही तर ती लोखंड खात राहील. धुतली तर शेवटचा बार कोणत्या दारूचा होता, नळी पुसायला कोणते तंतू वापरत, चरबी कोणती होती, हे सांगू शकणारा एकमेव थर बादलीतल्या पाण्यात जाईल. हवेतला ओलावा कायमचा कमी राखता आला, तर दोन्ही टिकवता येतील. पण कोकणातल्या किंवा गोव्यातल्या एखाद्या छोट्या संग्रहाला बाराही महिने तेवढे यंत्र चालवणे परवडेल का, आणि नसेल परवडत, तर आधी थोडी काजळी खरवडून काचेच्या कुपीत राखून ठेवावी आणि मगच पाणी ओतावे, एवढे तरी करायला कोणाला सांगायचे?